रेणवीय जीवशास्त्रज्ञाचं संशोधन आणि सायटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या नावापुढे पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती असे तीन आकडे दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. विद्यार्थी विचारतात, निवड समितीवर बसलेले विचारतात, विज्ञानाच्या बातम्या वाचणारेही विचारतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायटेशन म्हणजे नेमकं काय मोजतात?

दुसऱ्या कुणाच्या पेपरच्या शेवटी असलेल्या संदर्भसूचीत तुमचा पेपर आला, की एक सायटेशन जमा. त्या पेपरच्या मजकुरात तुमचा उल्लेख सहा वेळा असला तरी मोजणीत तो एकच. उल्लेख कौतुकाने केला आहे, चूक दाखवायला केला आहे की फक्त 'अमक्यांची पद्धत वापरली' एवढं सांगायला केला आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही.

ही मोजणी रुळवली युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ मध्ये त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स प्रसिद्ध झाला. जुन्या पेपरचा धागा पकडून त्यावर पुढे काय काम झालं हे शोधता यावं, हा मूळ हेतू होता. माणसांना गुण देणं नंतर आलं, आणि बहुतेक भांडणं त्या नंतरच्या वापरावरूनच आहेत.

२. 'रिसर्च आउटपुट' म्हणजे फक्त पेपरच का?

नाही, पण मोजले जातात ते बहुधा पेपरच. या विषयातल्या प्रयोगशाळेतून बरंच काही बाहेर पडतं: जेनबँकेत जमा केलेले डीएनए-क्रम, प्रोटीन डेटा बँकेत ठेवलेल्या प्रथिनांच्या रचना, प्लाझमिड (प्रयोगांत वापरायचे डीएनएचे गोल तुकडे), उत्परिवर्तित जिवाणू, पेशींच्या लाइन, अँटिबॉडी, सॉफ्टवेअर, पेटंट. अ‍ॅडजीन ही ना-नफा संस्था २००४ पासून प्लाझमिड जमा करून जगभर पाठवते. एखाद्याचं प्लाझमिड शेकडो प्रयोगशाळांत वापरलं जात असेल, तर तो प्रभाव खराच आहे. एच-इंडेक्समध्ये मात्र त्यातलं तेवढंच उतरतं जेवढ्यांनी मूळ पेपरचा संदर्भ दिला. डेटाच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं, त्यासाठी प्रश्न १८ पाहा.

३. एच-इंडेक्स कसा काढतात? एकदा उदाहरण देऊन सांगा.

पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा कुणाच्या दहा पेपरना अशी सायटेशन आहेत: ४१०, ९६, ५२, ३१, १८, ९, ७, ६, २, ०. सातव्या पेपरला ७ आहेत, म्हणजे किमान ७ सायटेशन असलेले सात पेपर आहेत. आठव्याला मात्र ८ नाहीत, ६ आहेत. म्हणून एच-इंडेक्स ७.

आता पहिल्या पेपरची सायटेशन ४१० ऐवजी ४,००० झाली असं धरा. एच-इंडेक्स तरीही ७. एकच फार मोठं काम करणाऱ्यावर हा निर्देशांक अन्याय करतो आणि सातत्याने मध्यम काम करणाऱ्याला जरा जास्तच मान देतो. शिवाय तो कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. गूगल स्कॉलरवर दिसणारा आय-१० म्हणजे किमान १० सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. वरच्या उदाहरणात ती ५.

४. एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स तीन ठिकाणी तीन वेगळा दिसतो. खरा कोणता?

तिन्ही खरे, कारण सायटेशन मोजणाऱ्या प्रत्येक डेटाबेसचं कुंपण वेगळं आहे. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलं घेतं. स्कोपसची व्याप्ती त्याहून मोठी. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले ठेवलेले पेपर), पुस्तकांतली प्रकरणं, संस्थांच्या संकेतस्थळांवरच्या पीडीएफ असं जे सापडेल ते घेतं. त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमी सगळ्यांत मोठा असतो आणि त्यात चुकाही अधिक असतात. अर्जात आकडा लिहिताना शेजारी स्रोत आणि तारीख लिहावी. दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला, तर ती तुलना तिथेच बाद होते. आश्चर्य म्हणजे हे सर्रास घडतं.

५. रेणवीय जीवशास्त्रात किती एच-इंडेक्स चांगला समजतात?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि याला एका आकड्याचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हा निर्देशांक मांडला, तेव्हाच क्षेत्राक्षेत्रांतली तफावत दाखवली होती. त्यांच्या गणनेत भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन होते, ११० वर. जीवविज्ञानात मेंदूतल्या रेणूंवर काम करणारे सॉलोमन स्नायडर होते, १९१ वर. याचा अर्थ स्नायडर विटनपेक्षा मोठे शास्त्रज्ञ असा होत नाही. जीवविज्ञानात पेपर जास्त निघतात, संदर्भसूच्या लांब असतात, लेखक जास्त असतात. सगळ्यांचेच आकडे फुगतात.

रेणवीय जीवशास्त्राच्या आतही एकसारखेपणा नाही. कर्करोगातल्या जनुकांवर काम करणाऱ्यांची संख्या प्रचंड, म्हणून एकमेकांना संदर्भ देणारेही पुष्कळ. एखाद्या दुर्लक्षित बुरशीतल्या आरएनए-प्रक्रियेवर जगात मोजक्याच प्रयोगशाळा काम करत असतील, तर उत्तम पेपरलाही संदर्भ द्यायला माणसंच नाहीत. त्यात वयाची भर: पंचवीस वर्षं काम केलेल्याची तुलना पाच वर्षं झालेल्याशी होऊच शकत नाही. तुलना अटळच असेल तर प्रश्न ६ मधले निर्देशांक जास्त बरे.

६. क्षेत्र आणि वय वेगळं असताना तुलना करायचीच असेल तर?

मग कच्चा आकडा सोडून प्रमाणित आकडा घ्यावा. स्कोपसच्या माहितीवर आधारलेला एक निर्देशांक त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी तुलना करतो. १ म्हणजे जागतिक सरासरी, २ म्हणजे दुप्पट. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या गटाने २०१६ मध्ये 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' मांडला. त्यात पेपरचं क्षेत्र जर्नलच्या नावावरून ठरत नाही. तो इतर कोणत्या पेपरांसोबत उद्धृत होतो, त्यावरून ठरतं. बुरशीवाल्या संशोधकाला यात जरा न्याय मिळतो. आयसाइट या संकेतस्थळावर तो मोफत पाहता येतो.

दोन्हींची एक मर्यादा सारखी आहे. ताज्या पेपरना सायटेशनच इतकी कमी असतात की दोन-चार इकडेतिकडे झाली तरी निर्देशांक उडी मारतो. गेल्या दोनेक वर्षांतल्या पेपरांसाठी ते वापरू नयेत.

७. पेपर मोठ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आला आहे. म्हणजे पेपर चांगलाच ना?

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही. एखाद्या जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या, एवढंच ते गणित. ही सरासरी आहे, आणि सायटेशनचं वाटप इतकं विषम असतं की थोडेच पेपर सरासरी वर ओढतात आणि बहुतेक तिच्या खाली राहतात.

याचं सगळ्यांत गमतीदार उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे, पण प्रथिनांच्या रचना सोडवणाऱ्यांना ते जवळचं वाटेल. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ए' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर साधारण २ होता. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणकीय प्रणालीवरचा लेख तिथे आला. प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा संदर्भ दिला आणि २००९ चा इम्पॅक्ट फॅक्टर ४९.९ वर गेला. त्या जर्नलमधले बाकीचे लेखक रातोरात पंचवीसपट हुशार झाले नव्हते.

डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या अधिवेशनात जे जाहीरनामापत्र तयार झालं, ज्याला सगळे डोरा म्हणतात, त्याचं पहिलंच आवाहन हे आहे की माणसाचं किंवा एका पेपरचं मोल ठरवायला इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. सही करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. सही करूनही बैठकीत तोच आकडा विचारणारे लोकही आहेत.

८. सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर म्हणजे सर्वांत मोठा शोध, बरोबर?

या विषयात तर अजिबात नाही. ऑलिव्हर लाउरी आणि तीन सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर अनेक दशकं सर्व विज्ञानांत पहिल्या क्रमांकावर राहिला. २०१४ मध्ये 'नेचर'ने वेब ऑफ सायन्सच्या आधारे यादी केली तेव्हा त्याची सायटेशन तीन लाखांच्या पुढे होती. त्यात काय आहे? द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची पद्धत. लाउरींनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं की हा काही थोर पेपर नव्हे, तरी मिळणाऱ्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते.

दुसऱ्या क्रमांकावर होता उलरिक लेम्ली यांचा १९७० चा पेपर, तिसऱ्यावर मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. ब्रॅडफर्ड यांचाही प्रथिन मोजण्याचाच, फक्त जलद. लेम्लींची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्यांचा पेपर टी-४ या जिवाणूभक्षी विषाणूचं डोकं जुळताना प्रथिनं कशी कापली जातात याबद्दल आहे. प्रथिनं वेगळी करायला त्यांनी जी जेल वापरली ती जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली, आणि लाखो वेळा उद्धृत झाली ती जेल. विषाणूच्या डोक्याविषयी वाचायला त्या पेपरकडे जाणारे किती असतील, देव जाणे.

पद्धतीचा पेपर रोज वापरला जातो, म्हणून रोज उद्धृत होतो. त्याचं महत्त्व कमी नाही. चांगली पद्धत हजारो शोधांना वाट करून देते. पण प्रोफाइलमधला सर्वांत उंच पेपर पद्धतीचा आहे, सॉफ्टवेअरचा आहे, आढाव्याचा आहे की शोधाचा, हे न पाहता एकूण आकड्यावर मत बनवू नये. माझ्या मते प्रोफाइल उघडल्यावर पहिली पाहायची गोष्ट हीच.

९. मग डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या यादीत कुठे होता?

पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता. त्या शंभरात यायला बारा हजारांहून जास्त सायटेशन लागत होती. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा पेपर त्याच्या बराच खाली राहिला. डीएनए सर्पिल आहे असं लिहिताना आज कुणी संदर्भ देत नाही. हिशेबात पाढ्यांचा संदर्भ द्यावा लागत नाही, तसंच. शोध पुरेसा मोठा असला की तो पाठ्यपुस्तकात जातो आणि सायटेशनची गळती सुरू होते. फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या डीएनए-क्रमवाचनाच्या पेपरचं तसं झालं नाही, कारण तो पुन्हा पद्धतीचाच होता. यादीत तो चौथा होता.

१०. पेपरवर बावीस नावं आहेत. काम नेमकं कुणाचं?

या विषयात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव बहुधा ज्याने स्वतःच्या हातांनी बहुतेक प्रयोग केले त्याचं, म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही वर्षांसाठी काम करणारा संशोधक). शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं: कल्पना, निधी आणि जबाबदारी त्यांची. मधली नावं विशिष्ट मदतीची. पहिल्या दोन-तीन नावांवर तारा असेल तर त्यांचा वाटा समान मानलेला असतो. गणितासारख्या विषयात नावं अकारविल्हे लावतात, तिथे हा अर्थ काढू नये.

सायटेशन मोजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. बावीसही जणांना पूर्ण सायटेशन मिळतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखण्याच्या तंत्राची) मध्यवर्ती सुविधा चालवणाऱ्या कुशल माणसाचं नाव म्हणूनच शंभर पेपरांत मधेच कुठेतरी असू शकतं. तो खोटेपणा नव्हे, पण ते शंभर स्वतंत्र शोधही नव्हेत. आता बरीच जर्नलं प्रत्येकाचा वाटा १४ ठरलेल्या भूमिकांत लिहून घेतात. तो परिच्छेद पेपरच्या शेवटी असतो आणि वाचण्यासारखा असतो.

११. जीनोम प्रकल्पासारख्या पेपरात नाव असेल तर?

वर सांगितलेलंच, पण टोकाला गेलेलं. मानवी जीनोमच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय पेपरवर शेकडो लेखक आहेत. अशा एका पेपरने एकूण सायटेशन हजारोंनी वाढतात, एच-इंडेक्स मात्र फार तर एकाने. एकूण सायटेशन प्रचंड आणि एच-इंडेक्स साधारण असं दिसलं, तर आधी असा पेपर शोधा. तो बाजूला काढून उरलेलं पाहावं.

१२. आढावा लेख लिहून सायटेशन वाढतात म्हणे?

वाढतात. प्रस्तावनेत दहा मूळ पेपर देण्यापेक्षा एक आढावा देणं सोपं आणि काही जर्नलांत संदर्भांच्या संख्येवर मर्यादाही असते. चांगला आढावा मेहनतीचं काम आहे, पण तो मूळ संशोधनात मोजू नये. डेटाबेसमध्ये लेखाचा प्रकार निवडून आढावे वगळता येतात.

१३. स्वतःचे पेपर स्वतःच उद्धृत करणं ही फसवणूक का?

सहसा नाही. एखादी प्रयोगशाळा पंधरा वर्षं एकाच प्रथिनावर काम करत असेल, तर नव्या पेपरात आधीचा स्ट्रेन, आधीची अँटिबॉडी, आधीचा निष्कर्ष येणारच. संदर्भ न देणं उलट चुकीचं. खटकायला हवं ते विषयाशी नातं नसलेले संदर्भ, किंवा ठरावीक मंडळींनी आळीपाळीने एकमेकांना दिलेले संदर्भ. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हींत स्वतःची सायटेशन वगळून आकडा पाहता येतो. वगळल्यावर तो थोडा उतरला तर सोडून द्या, कोसळला तर संदर्भसूच्या उघडून वाचा.

१४. पेपर चुकीचा ठरला किंवा मागे घेतला गेला, तर सायटेशन पुसली जातात का?

नाही. पेपरवर 'मागे घेतला' असा शिक्का बसतो, सायटेशन तशीच राहतात, आणि नवीनही येत राहतात, कारण अनेकांच्या संगणकावर जुनी पीडीएफ पडलेली असते आणि संदर्भसूच्या एकमेकांवरून उतरवल्या जातात.

खंडन करणारे पेपरही मोजणीत भरच घालतात. डिसेंबर २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये दावा आला की जीएफएजे-१ हा जिवाणू फॉस्फरसऐवजी डीएनएमध्ये आर्सेनिक वापरू शकतो. २०१२ मध्ये त्याच जर्नलने दोन पेपर छापले, त्यांत हे टिकलं नाही. पहिल्या पेपरच्या खात्यावर तेही संदर्भ जमाच झाले. 'सायन्स'ने तो मागे घेतला २०२५ मध्ये. सायटेशनचा आकडा पाहून यातलं काही कळलं असतं का?

मागे घेणं म्हणजे नेहमी लबाडी असंही नाही. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी आपला २०१९ चा एन्झाइमवरचा पेपर, निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत म्हणून, २०२० मध्ये जाहीरपणे मागे घेतला. अशा मागे घेण्याने उमेदवाराविषयीचं माझं मत वरच जाईल. कारण वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

१५. सायटेशन कमी आहेत, म्हणजे काम बिनमहत्त्वाचं असं धरावं का?

बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांत जागा बदलणारे घटक असल्याचं १९५० च्या सुमारास मांडलं. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, मधे जिवाणूंत तसेच घटक सापडल्यावर. फ्रान्सिस्को मोहिका यांचा, क्रिस्परमधले (जिवाणूंच्या डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमांच्या मधले) तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात हे सांगणारा पेपर अनेक जर्नलांनी नाकारला आणि २००५ मध्ये एका तुलनेने साध्या जर्नलमध्ये आला. आज तो या क्षेत्राच्या पायातला दगड मानतात.

पण ही उदाहरणं ढाल म्हणून वापरू नयेत. कमी सायटेशन असलेले बहुतेक पेपर झोपलेली रत्नं नसतात. आकड्यावरून दोन्ही बाजूंनी काही ठरत नाही, पेपर वाचावा लागतो.

१६. 'जगातल्या सर्वोत्तम २ टक्के शास्त्रज्ञांत' नाव आलं आहे. हे किती मोठं?

ही यादी स्टॅनफर्डमधले जॉन आयोअनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून काढतात. ती स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. तिच्यात सहा निर्देशक एकत्र करून गुण देतात, लेखकाचं स्थानही त्यात धरतात, हा चांगला भाग. यादी दोन प्रकारची असते: संपूर्ण कारकिर्दीची आणि एकाच वर्षाची. बातमीत कोणती ते बहुधा लिहिलेलं नसतं, आणि फरक मोठा आहे. नाव येणं ही चांगली गोष्ट. त्यापुढचे फलक आणि सत्कार ज्याच्या त्याच्या हौसेवर.

१७. माझ्या प्रोफाइलमध्ये नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आले आहेत. लग्नानंतर नाव बदललं, त्यामुळे माझे अर्धे पेपर गायब आहेत. काय करू?

ओर्सिड काढा. २०१२ मध्ये सुरू झालेला हा १६ अंकी ओळख क्रमांक मोफत आहे आणि नाव बदललं तरी बदलत नाही. पेपर पाठवताना तोच द्या. स्कोपसमध्ये दोन प्रोफाइल झाल्या असतील तर त्या जोडायची विनंती करता येते. गूगल स्कॉलरमध्ये परके पेपर आपल्यालाच काढावे लागतात, आणि आपोआप भर घालण्याची सोय बंद केलेली बरी. प्रीप्रिंट आणि छापील पेपर दोन वेगळ्या नोंदी म्हणून दिसत असतील तर तिथेच त्या एकत्र करा. नाहीतर सायटेशन विभागली जातात. परके पेपर तसेच ठेवून अर्ज केला, तर 'मशीनने घातले' हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

१८. आमचा डेटा अनेकांनी वापरला, पण सायटेशन आली नाहीत. असं का?

तीन ठिकाणी गळती होते. पहिली: लोक पेपरऐवजी जेनबँक किंवा प्रोटीन डेटा बँकेतला नोंदणी क्रमांक मजकुरात लिहितात, आणि तो संदर्भसूचीत नसल्याने मोजला जात नाही. दुसरी: संदर्भ पुरवणी माहितीच्या फाइलमध्ये जातो. अनेक जर्नलं पद्धतींचा तपशील तिथे ढकलतात आणि ती सूची डेटाबेस सहसा वाचत नाहीत. तिसरी: तुमच्या डेटावरून कुणी एकत्रित डेटाबेस केला, आणि पुढचे सगळे त्या डेटाबेसचाच संदर्भ देतात.

उपाय अर्धेमुर्धेच आहेत. डेटासेटला स्वतःचा डीओआय (कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) घ्या आणि नोंदीच्या पानावरच 'वापरल्यास हा संदर्भ द्या' असं पूर्ण वाक्य लिहून ठेवा; लोक ते जसंच्या तसं उतरवतात. अर्जात वापर दाखवायचा असेल तर युरोप पीएमसीसारख्या ठिकाणी आपला नोंदणी क्रमांक टाकून पेपरांच्या पूर्ण मजकुरात शोधा, आणि सापडलेल्यांपैकी ज्यांचं काम तुमच्या डेटावर खरोखर उभं आहे असे चार-पाच पेपर नावानिशी द्या. पीअर रिव्ह्यू करताना दुसऱ्याचा असा गाळलेला संदर्भ दिसला, तर तो मुख्य सूचीत घ्यायला सांगा.